अफरवतचा उतार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरहून हिवाळ्यात काश्मीरला जाणारे सगळेच आता फोटोपुरते बर्फात उतरत नाहीत. औलीला किंवा गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केलेला, पन्हाळा-पावनखिंड पावसात चाललेला एखादा गडी ‘यंदा गुलमर्गच्या अफरवत डोंगरावरून उतरायचंच’ असं ठरवूनही निघतो. ही हौस असावीच. पण या उतारांबद्दलच्या काही समजुती जिवावर बेतू शकतात.

पहिली समजूत अशी की, गोंडोला (रोपवे) जिथवर नेतो तिथला उतार तयार केलेलाच असणार. गुलमर्गचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवतच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, म्हणजे कळसुबाईच्या दुपटीहून उंच. खालचे काही उतार यंत्राने दाबून घेतलेले असतात. वर मात्र बहुतेक बर्फ पडला तसाच असतो. मधल्या मोठ्या खोलगट उतारावर स्की पेट्रोलची नजर असते. साचलेला धोकादायक बर्फ ते स्फोटकं लावून आधीच पाडतात आणि उतार खुला की बंद हे जाहीर करतात. त्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की जोखीम सर्वस्वी तुमची.

‘परदेशात ब्लॅक रन, म्हणजे काळ्या रंगाने दाखवलेला अवघड उतार उतरलोय, इथं काय अवघड?’ हेही ऐकू येतं. उतारांच्या रंगांना जगभर एकच मोजमाप नाही. उताराचे टक्केही फसवतात. शंभर टक्के म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंश. ऑस्ट्रियात मायरहोफेनचा ‘हाराकिरी’ उतार ७८ टक्क्यांचा, म्हणजे साधारण ३८ अंशांचा आहे. पण तो रोज दाबून ठेवलेला असतो. तेवढाच उतार मोकळ्या, खोल बर्फात पूर्णपणे वेगळा असतो.

सगळ्यात घातक गैरसमज हिमस्खलनाबद्दलचे आहेत. ओरडल्याने बर्फ कोसळतो, हे सिनेमातलं. खरं कारण बर्फाच्या थरांत असतं. खालचा थर भुसभुशीत राहतो, त्यावर वारा आणि नवी बर्फवृष्टी मिळून घट्ट पाट बसवतात आणि एका स्कीअरच्या वजनाने तो पाट तुटून अख्खा सरकतो. म्हणूनच, अडकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत स्खलन त्यांनी स्वतः किंवा सोबत्याने सुरू केलेलं असतं. असे पाट मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि कसलेल्या स्कीअरला हवा असतो तोही नेमका हाच उतार. याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचायच्या आधीच झडत राहतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बर्फवृष्टी थांबून लख्ख ऊन पडलेला दिवस स्कीअरला सर्वांत मोहात पाडतो आणि धोकाही त्याच दिवशी वाढलेला असतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, बाकीच्यांना बाहेर काढावं लागलं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एका रशियन स्कीअरचा तसाच अंत झाला. ही नवखी माणसं नव्हती.

‘बीकन आहे ना, मग झालं’ असंही म्हणतात. बीकन हे अंगावर बांधायचं संकेतयंत्र फक्त गाडलेला माणूस कुठे आहे ते सांगतं. खोली तपासायला प्रोब, म्हणजे लांब काठी लागते, उकरायला फावडं लागतं, आणि हे तिन्ही सोबत्याकडे असून ते वापरायचा सराव हवा. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात खालून मदत क्वचितच पोहोचते.

राहिला सह्याद्रीतला दम. तो उपयोगी पडतो, पण अपुरा. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो आणि गोंडोला तिथे काही मिनिटांत सोडतो. शिवाय खोल बर्फात वळण घेणं, हवं तिथे थांबणं हे कौशल्य चालून येत नाही, शिकावं लागतं. इकडच्या माणसाचं ते काम नाही, असं मात्र मुळीच नाही. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या. गुलमर्गलाच भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत पायरीपायरीने शिकण्याची सोय आहे.

तेव्हा दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचा हिमस्खलन इशारा वाचा, तिथला जाणता गाइड सोबत घ्या, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर कोंगडोरीवरूनच खाली उतरा.