शून्य मृत्यू, की चुकलेला प्रश्न?

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गावांत २५.५, तर दुसऱ्या गावांत ५९.६ होते. प्रत्येक जन्म व मृत्यू नोंदला गेला, म्हणून हे कळले.

आता अशा नोंदी डेटाबेसमध्ये असतात आणि अहवाल बनवणारा प्रोग्राम त्या मागवतो. त्याची एक पद्धत ‘पासथ्रू क्वेरी’. यात प्रोग्राम पोस्टमनसारखा वागतो. आपला प्रश्न न वाचता जसाच्या तसा सर्व्हरला पोचवतो. त्यामुळे प्रश्न सर्व्हरच्याच बोलीत हवा.

समजा, आपल्याला धानोरा तालुक्यातील बालमृत्यू मोजायचे आहेत. तालुक्याचे नाव आपण एका चलात ठेवतो. बीजगणितातल्या ‘क्ष’सारखाच हा चल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याच्या नावाआधी @ हे चिन्ह लागते आणि तो ‘डिक्लेअर’ या आज्ञेने आधी घोषित करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये मात्र @ चा चल घोषित करावा लागत नाही. तिथे हीच ओळ साध्या क्वेरीत लिहिली, तर चूक दाखवली जाते. शिवाय एसक्यूएल सर्व्हर एका गठ्ठ्यात घोषित केलेला चल पुढच्या गठ्ठ्यात विसरतो. म्हणून घोषणा व प्रश्न एकत्रच पाठवावेत.

या चुका निदान ओरडून सांगतात. खरा धोका गप्प राहणाऱ्या चुकीचा. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत ‘व्हारचार’ प्रकारच्या चलात देवनागरी मावत नाही. ‘धानोरा’ संगणकाला सहा चिन्हे वाटतात : ध, काना, न, ओकार, र, काना. त्यांची सहा प्रश्नचिन्हे होतात. लांबी सांगायची राहिली, तर एकच उरते. त्या नावाचा तालुका कुठेच नसतो, म्हणून मोजणीचे उत्तर येते ०. चूक दाखवली जात नाही. अहवाल म्हणतो, धानोऱ्यात एकही बालक दगावले नाही!

हे शोधायचे कसे? मूळ प्रश्न बाजूला ठेवून फक्त चलाची किंमत परत मागवावी. प्रश्नचिन्हे आली की दोष सापडला. मग प्रकार ‘एनव्हारचार’ करावा, लांबी लिहावी आणि नावाच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी मोठा एन ठेवावा. तो राहिला, तर प्रकार बदलूनही प्रश्नचिन्हेच येतात.

आणखी एक पडताळा आहे, त्याला संगणकाचे ज्ञान लागत नाही. त्याच चलाने तालुक्यातील जन्मही मोजावेत. तेही शून्य आले, तर मृत्यू थांबलेले नाहीत, आपला प्रश्न चुकला आहे. जन्मच नसतील, तर दर हजारी दर काढणार कशाचा? वर्गात भागाकार शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.