विचारणे चूक आहे का?

(दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर प्रश्न विचारावे लागतात. या पाठात बौद्ध धम्माच्या मूळ शिकवणीची ओळख करून दिली आहे.)

मुलांनो, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळ माजरी हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तेथील कामगार वसाहतीत निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात. माझा एक विद्यार्थीही तेथेच राहतो. बुद्धपौर्णिमेला तो आपल्या बौद्ध मित्राकडे खीर खायला गेला. घरातील सर्वजण पांढरे कपडे घालून, हात जोडून वंदना म्हणत होते. वंदना संपताच याने मित्राला विचारले, "बुद्ध देव नाहीत ना? मग तुम्ही कोणाकडे काय मागता?"

मित्र गप्प झाला. दोन दिवस तो बोललाच नाही. माझा विद्यार्थी रडवेला होऊन मला म्हणाला, "सर, मी फक्त विचारलं. विचारणं चूक आहे का?"

तुम्हांला काय वाटते?

मी त्याला घेऊन मित्राच्या घरी गेलो. मित्राचे आजोबा खाणीतून निवृत्त झालेले आहेत. सगळी हकिकत ऐकून ते हसले. म्हणाले, "गुरुजी, आमचा धम्म तर प्रश्नापासूनच सुरू होतो."

ते खरेच आहे. माणूस म्हातारा का होतो, आजारी का पडतो, दुःखी का होतो, असे प्रश्न सिद्धार्थ गौतमाला पडले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी त्याने राजवैभव सोडले. बोधगया येथे त्याला ज्ञान प्राप्त झाले आणि तो बुद्ध झाला. 'बुद्ध' म्हणजे जागा झालेला. सारनाथ येथे त्यांनी आपल्या पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला.

आजोबांनी तो उपदेश मुलाला सोपा करून सांगितला. अंगणातील झाडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "या पानांवर कोळशाची धूळ बसते. कोणी म्हणेल, आपलं नशीबच असं. पण शहाणा माणूस चार गोष्टी पाहतो. धूळ आहे, हे तो मान्य करतो. ती कशामुळे येते, ते शोधतो. कारण दूर केलं तर धूळ थांबेल, हे ओळखतो. मग ती थांबवण्याचा मार्ग धरतो. बुद्धांनी दुःखाकडे असंच पाहिलं."

या चार गोष्टींना 'चार आर्यसत्ये' म्हणतात. जगात दुःख आहे. तृष्णा म्हणजे हाव, हे त्याचे कारण आहे. ते दूर होऊ शकते. ते दूर करण्याचा मार्ग आहे. या मार्गाला आठ अंगे आहेत, म्हणून त्याला 'अष्टांगिक मार्ग' म्हणतात. योग्य विचार, योग्य बोलणे, योग्य काम, प्रामाणिक उपजीविका ही त्यांतील काही अंगे होत.

"मग वंदनेत मागता काय?" मुलाने हळूच विचारले.

"काहीच मागत नाही," आजोबा म्हणाले. "आम्ही शब्द देतो."

वंदनेत त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांचा आधार घेणे. पंचशील म्हणजे पाच नियम. जीवहत्या, चोरी, दुराचार, खोटे बोलणे आणि नशा यांपासून मी दूर राहीन, असे माणूस स्वतःच ठरवतो. ही कोणी केलेली सक्ती नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. कायदा सरकार करते आणि सरकार तो मागेही घेते. स्वतःला दिलेला शब्द मात्र दुसरा कोणी मागे घेऊ शकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आधी प्रश्नच विचारले. जो धर्म माणसाला समान मानत नाही, त्यात का राहावे? १९३५ मध्ये येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पण निर्णय घाईने घेतला नाही. त्यांनी अनेक वर्षे निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चंद्रपूरला हजारो लोकांना दीक्षा दिली. त्या वेळी चंद्रपूरला चांदा म्हणत. लहानगे आजोबा त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसलेले होते.

एकदा केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी बुद्धांना विचारले, "येथे अनेक गुरू येतात. प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो. आम्ही कोणाचे ऐकावे?" बुद्ध रागावले नाहीत. तुमची शंका योग्यच आहे, असे ते म्हणाले. एखादी गोष्ट केवळ परंपरेने आली किंवा गुरूने सांगितली म्हणून मानू नका. ती सर्वांच्या हिताची आहे का, हे पाहा आणि मग स्वीकारा, असे त्यांनी समजावले.

इतक्यात दाराआडून मित्र पुढे आला. खाली मान घालून म्हणाला, "मला उत्तर येत नव्हतं, म्हणून राग आला."

मुलांनो, विचारणे चूक नाही. पण प्रश्न दोन प्रकारचे असतात. एक समजून घेण्यासाठी असतो, दुसरा खिजवण्यासाठी. शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याला फरक कळायला हवा. आपल्या धर्मावर श्रद्धा ठेवूनही शेजाऱ्याचा धर्म आदराने समजून घेता येतो.

पुढच्या रविवारी ते दोघे मित्र भद्रावतीची विजासन लेणी पाहायला गेले. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारे लांब दालन आहे. त्याच्या शेवटी बुद्धांची बसलेली मूर्ती आहे. दोन्ही बाजूंनाही एकेक दालन आहे. परत आल्यावर माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आत अंधार होता. त्याने माझा हात धरला. आज त्यानेच मला दहा प्रश्न विचारले, ईदबद्दल!"

शब्दार्थ
वंदना – आदराने म्हटलेली प्रार्थना
तृष्णा – हाव, न संपणारी इच्छा
उपजीविका – पोट भरण्याचे साधन
दीक्षा – धर्माचा विधिपूर्वक स्वीकार
खिजवणे – चिडवणे

स्वाध्याय
१. मित्र दोन दिवस का बोलला नाही?
२. आजोबांनी झाडाच्या उदाहरणातून काय समजावले?
३. कायदा आणि पंचशील यांत कोणता फरक सांगितला आहे?
४. तुमच्या शेजाऱ्याला त्याच्या सणाविषयी विचारायचे दोन प्रश्न लिहा.