पिकलेले केस, कापलेले केस आणि आपलं बोलणं

जेवणं उरकली असतील. भांडी घासता घासता ऐकत असाल तरी चालेल. आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काही बोलायचं नाही. आज बोलायचंय केसांबद्दल.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीतच. लग्नसराईच्या तोंडावर आम्ही दहा जणींनी मिळून बाजारातून काळ्या मेंदीच्या पुड्या आणल्या. एकदम घेतल्या की स्वस्त पडतात, हे गटानंच शिकवलेलं. पुडीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते मात्र एकीनंही वाचलं नाही. वाचता येणाऱ्या आम्हीसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीला आमची एक ताई पदर भुवयांपर्यंत ओढून आली. पदर सारला तर पापण्या सुजलेल्या, कानामागे पाणी भरलेले फोड. वय चौतीस. भाचीच्या हळदीला जायचं होतं आणि जाऊबाई म्हणाल्या होत्या, "अगं, माझ्यापेक्षा तूच थोरली दिसायला लागलीस." एवढ्या एका वाक्यासाठी तिनं पुडी कालवली होती. आम्ही तिला लगेच दवाखान्यात नेलं. आठवडाभरात सूज उतरली. पण आम्हाला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुडी आम्हीच आणली होती, आणि "किती पिकलीस गं" असं आम्हीही तिला म्हटलेलं होतं.

म्हणून आधी समजून घेऊ, केस पिकतात कसे. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. मेलॅनिन नावाचा रंग त्या केसात भरतात. वय वाढलं की या पेशी कमी होत जातात आणि केस बिनरंगाचा उगवतो. तोच आपल्याला पांढरा दिसतो. कुणाचे केस कधी पिकणार, हे बरंचसं आई-वडिलांकडून आलेलं असतं. त्यात पाप नाही आणि आळसही नाही.

एक पांढरा केस उपटला की दहा येतात, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. एका मुळातून त्याच जागी पुन्हा एक केस येतो. उपटून उपटून मूळ मात्र दुखावतं. तेलानं केस मऊ राहतात, पण बाहेर आलेला पांढरा केस कुठल्याही तेलानं काळा होत नाही.

पंचविशीच्या आतच बरेच केस पिकले तर मात्र रक्त तपासून घ्यावं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं किंवा थायरॉइडचा आजार, ही त्यामागची कारणं असू शकतात. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून. आता खरं सांगा, घरात दूध असतं, पण ते आधी डेअरीला जातं, मग मुलांना, मग चहाला. आपल्या वाटीत काय उरतं?

आता काळ्या मेंदीचं. मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस, केशरीच येतो. काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. आधी दहा वेळा लावलं आणि काही झालं नाही, म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं. रंग लावायचाच असेल तर आधी थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट बघा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग आपल्यासाठी नाही. भुवयांना लावू नका. एकदा त्रास झाला असेल तर पुन्हा कधीच नको. आणि पुडी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. हा रंग पोटात गेला तर घसा सुजून श्वास अडकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक सरकारी दवाखाना गाठा.

आता कापण्याकडे येऊ. आमच्या गटातली दुसरी एक ताई ऊसतोडीला जाते. दिवाळीनंतर निघते, पाडव्याच्या आसपास परतते. पहाटे अंधारात फडात जायचं, कोपीवर पाणी लांबून आणायचं. कमरेएवढे केस धुवायला पाणी कुठून आणणार? उवा झाल्या, डोकं खाजून जखमा झाल्या. तिनं केस खांद्यापर्यंत कापले. गावात आली तर पहिलाच प्रश्न, "नवरा जिता आहे ना गं तुझा?" हे विचारलं एका बाईनंच. नवरा बिचारा काही बोलला नव्हता.

हा प्रश्न कुठून आला, ते बघायला पाहिजे. एके काळी काही जातींत नवरा गेला की बाईचं केशवपन करत. वस्तऱ्यानं डोकं भादरायचं, पुन्हा पुन्हा भादरायचं, म्हणजे ती कुणाच्या नजरेत भरू नये. कोवळ्या मुलींनाही यातून सुटका नव्हती. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधव एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. ती प्रथा गेली, पण कापलेले केस म्हणजे काहीतरी अशुभ, ही धास्ती आपल्या मनात राहिली, असं आम्हाला वाटतं.

बदल आजही होतोय. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. मग गजऱ्यानंच काय घोडं मारलंय?

केस कापल्यानं ते दाट होत नाहीत, पातळही होत नाहीत. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पसंत नाही पडले तरी वर्षात अर्धी वीत परत येतात. लांब वेणी आवडते तिनं खुशाल ठेवावी. फक्त रोज ताणून आवळू नये, त्यानं कपाळावरचे केस मागे सरतात.

आमच्या गटातल्या सत्तरीच्या आजी हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला काळे नकोत बाई. पांढरे बघून बँकेतली पोरं बसायला खुर्ची देतात." सगळ्या हसलो. मग वहीत तीन गोष्टी लिहिल्या. कुठलीही पुडी आणली की वाचता येणारीनं ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. आरोग्य शिबिर आलं की रक्त तपासून घ्यायचं. आणि एकमेकींच्या केसांवरून टोमणा मारायचा नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. जीभ सवयीनं वळतेच. पण कुणी बोललीच तर आता दुसरी लगेच म्हणते, "वही काढू का?"

त्या पहिल्या ताईचे केस आता मुळाशी पांढरे आणि टोकाला काळे आहेत. ती पदर मागे घेऊन बसते आणि बैठकीचं लिखाण करते.

तुमच्या गटातही हा विषय काढा, मैत्रिणींनो. सुरुवात मात्र आपल्या स्वतःच्या बोलण्यापासून करा.