नळाचा दाब आणि बागेचा पाइप

बागेला पाणी घालायचा पाइप निवडताना आधी नळाकडे पाहावे लागते. नळाला दाब किती आहे यावर पाइपचा व्यास, त्याची लांबी आणि टोकाला लावायचा फवारा या तिन्ही गोष्टी ठरतात. दुकानात मात्र बहुतेक गिऱ्हाईक रंग, किंमत आणि हाताला लागणारा जाडपणा पाहून बंडल उचलतात. पाणी नीट पडेना की दोष फवाऱ्याला दिला जातो.

खारघरमध्ये दाबाचा हा प्रश्न फारच ठळक आहे. सिडकोने वसवलेल्या या उपनगराला पाणी मुख्यतः पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून येते. भोगेश्वरी नदीवरच्या या धरणातले पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून उताराने घराघरांत उतरते. म्हणजे घरातल्या नळाचा दाब जलवाहिनीतून येत नाही, टाकीच्या उंचीतून येतो. हिशेब सोपा आहे. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला सुमारे 1 किलो दाब मिळतो. प्लंबर ज्याला ‘किलो’ म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब. मजला 3 मीटरचा धरला तर सात मजली इमारतीच्या आवारातल्या नळाला 2 किलोंहून थोडा जास्त दाब मिळतो. त्याच इमारतीतल्या सर्वांत वरच्या घराच्या बाल्कनीत जेमतेम अर्धा किलो उरतो, कारण टाकी डोक्यावर चार-पाच मीटरच असते. वीस-पंचवीस मजली टॉवरच्या तळाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर हाच आकडा 6 किलोंच्या पुढे जातो. तळमजल्यावर उत्तम चालणारी स्प्रे गन वरच्या मजल्यावर नुसती ठिबकते आणि वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षे टिकलेला साधा पाइप टॉवरच्या आवारात महिन्याभरात फुगतो, तो यामुळेच.

नळ किती पाणी देतो हे मोजायला यंत्र लागत नाही. 20 लिटरची बादली पाइपच्या टोकाखाली धरावी आणि भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. ती एका मिनिटात भरली तर मिनिटाला 20 लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावे, असे भारतातले पाणीपुरवठ्याचे प्रमाण आहे. या वेगाने उघडा ठेवलेला पाइप एका माणसाचे दिवसभराचे पाणी सात मिनिटांत संपवतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या खारघरच्या सोसायट्यांनी हा हिशेब माळ्याला आणि गाड्या धुणाऱ्यांना एकदा करून दाखवावा.

पाइप अर्धा इंच, पाऊण इंच आणि एक इंच अशा मापांत मिळतो. हे माप आतल्या पोकळीचे असते. अर्ध्या आणि पाऊण इंचातला फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो. पण तेवढ्याच दाबाला पाऊण इंची पाइप अडीच-तीन पट पाणी वाहून नेतो, कारण अरुंद पाइपात पाण्याचे भिंतीशी घर्षण फार वाढते. लांबीचाही असाच परिणाम होतो: लांबी चौपट केली की टोकाला येणारे पाणी निम्म्यावर येते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीला 30 मीटरचे अख्खे बंडल घेण्यात अर्थ नाही. नळापासून शेवटच्या कुंडीपर्यंतचे अंतर दोरीने मोजावे, कोपऱ्यांसाठी मीटर-दीड मीटर जास्त धरावे आणि तेवढाच पाइप कापून घ्यावा. बहुतेक हार्डवेअरवाले मीटरवर किंवा फुटावर पाइप देतात. सोसायटीच्या लांबलचक बागेला पाऊण इंचच घ्यावा. आणि 60 मीटर पाइप ओढत नेण्यापेक्षा बागेत दोन-तीन ठिकाणी नळ काढून घेणे केव्हाही शहाणपणाचे. बाल्कनीला अर्धा इंच पुरतो. कित्येक फ्लॅटमध्ये बाल्कनीत नळच नसतो. तिथे ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ उपयोगी पडतो. त्याच्या तोंडाला आटे असल्याने कनेक्टर पक्का बसतो.

आता पाइप कशाचा असावा. बाजारात दिसणारे बहुतेक पाइप पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. 1926 मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सेमन यांनी त्यात मृदुकारक द्रव्ये मिसळून ते लवचिक करण्याची रीत शोधली. आजचा मऊ पाइप त्याच रीतीचा वारसदार आहे आणि त्याच्या म्हातारपणाचे कारणही तिथेच आहे. ऊन आणि उष्णता लागत राहिली की ही द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात, पाइप कडक होतो, दुमडल्या जागी तडकतो. एकपदरी, पारदर्शक, स्वस्त पाइप दोन उन्हाळ्यांत निकामी होतो तो असा.

त्याच्यापेक्षा जाळीचा, म्हणजे ब्रेडेड पाइप कितीतरी चांगला. त्यात पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या धाग्यांची वीण असते. दाब वाढला की ताण ती वीण घेते, त्यामुळे पाइप फुगत नाही. बाहेरचा थर अपारदर्शक असावा. पारदर्शक पाइपात उजेड शिरतो आणि आत शेवाळ धरते. तेच सुटून पुढे फवाऱ्याच्या भोकांत अडकते. घेताना पाइप हातात धरून वर्तुळात वळवून पाहावा. लगेच चपटा होऊन मोडला तर बागेतही तो कोपऱ्या-कोपऱ्यावर मोडणार. रबराचा पाइप ऊन सर्वांत चांगले सोसतो आणि सहसा दुमडत नाही. पण तो जड आणि महाग असतो, म्हणून रोज वापराच्या मोठ्या बागेलाच परवडतो. पाणी भरताच लांब होणारे कापडी आवरणाचे पाइप हल्ली जाहिरातींत फार दिसतात. त्यांच्या आत रबराची पातळ नळी असते. ती पुरती ताणायला 3 किलोंच्या आसपास दाब लागतो आणि काट्याला, कुंडीच्या धारेला ती लगेच फाटते. अर्धा किलो दाबाच्या बाल्कनीत असा पाइप घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

टोकाच्या फवाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला नेहमीचा: स्प्रे गन किंवा नोझल. तोंड फिरवले की कधी सरळ धार, कधी शॉवर, कधी धुके. प्रत्येकाचे काम वेगळे. कुंड्यांना आणि नव्या रोपांना शॉवर चांगला, कारण माती उडत नाही आणि मुळे उघडी पडत नाहीत. सरळ धार रोपांच्या बुडाशी कधी सोडू नये. पण जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला की पानांच्या खालच्या बाजूने बेताच्या जोराची धार मारणे हा औषधाआधीचा खरा उपाय आहे. किडीचा बराचसा भाग पाण्यानेच निघून जातो. उन्हाळ्यात धुळीने माखलेल्या पानांवर लाल कोळी वाढतो, तोही अशा धुण्याने आटोक्यात राहतो. हे सकाळी करावे, म्हणजे पाने दिवसभरात सुकतात. कोकणच्या दमट हवेत रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. बाल्कनीत धार मारताना खालच्या घरातले वाळत घातलेले कपडेही ध्यानात ठेवावे लागतात.

स्प्रे गनला नीट चालायला दीड-दोन किलो दाब हवा. तो नसेल तर महागडी गन घेऊनही उपयोग नाही. मोठ्या भोकांचे, झारीच्या तोंडासारखे रोझ पाइपला लावावे आणि पानांवरच्या फवारणीसाठी दोन लिटरचा हातपंप ठेवावा. वरच्या मजल्यांवर हीच जोडी सर्वांत कामाची. गन पितळी असेल तर उत्तम. स्वस्त मिश्रधातूच्या गनचा मुलामा खाडीकाठच्या दमट हवेत लवकर सुटतो आणि आतली स्प्रिंग गंजते. त्यापेक्षा चांगल्या प्लॅस्टिकची गन बरी.

दुसऱ्या प्रकारात फवाऱ्याला बाटली जोडलेली असते. बाटलीत द्रवरूप खत किंवा निंबोळी तेलाचे मिश्रण भरतात. पाणी अरुंद जागेतून वेगाने जाताना तिथला दाब घटतो आणि बाटलीतला द्रव आपोआप वर खेचला जातो. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी व्हेंतुरी यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मोठ्या हिरवळीला खत देण्याचे हे झटपट साधन आहे, पण मिश्रणाचे प्रमाण पाण्याच्या दाबाबरोबर बदलते. म्हणून प्रमाण काटेकोर लागणारे कीटकनाशक यातून मारू नये.

या बाटलीचा एक धोका सोसायट्यांत फारसा कोणाला ठाऊक नसतो. फवारणी चालू असताना वरची टाकी रिकामी झाली किंवा कोणी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तर पाइपातले पाणी उलटे खेचले जाऊ शकते आणि त्यासोबत बाटलीतले द्रव्य पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत शिरू शकते. पाइपचे टोक शेणखताच्या पिंपात किंवा साबणाच्या बादलीत बुडवून ठेवले तरी तेच. जिथे पाणी ठराविक वेळीच येते आणि टाक्या रिकाम्या होतात, तिथे ही भीती कागदावरची नाही. उपाय स्वस्त आहे: बागेच्या नळावर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि पाइपचे टोक पाण्यात कधीच बुडवू नये. पिंप भरताना टोक काठाच्या वरच धरावे.

ज्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरतात तिथे पाइप वेगळा ठेवावा, त्यावर ठळक खूण करावी आणि तो पिण्याच्या पाण्याच्या नळाला कधीही लावू नये. या पाण्याचे धुके करू नये, कारण सूक्ष्म थेंब श्वासावाटे शरीरात जातात. ते झाडाच्या बुडाशी, मुले खेळत नसताना सोडावे. पालेभाज्यांना ते घालूच नये.

देखभालीतली पहिली सवय बंद करण्याच्या क्रमाची. काम संपले की आधी नळ बंद करावा, मग गनचा खटका दाबून आतला दाब सोडावा. बहुतेक लोक फक्त गन सोडतात आणि नळ तसाच चालू ठेवतात. पाइप रात्रभर ताणलेला राहतो आणि एखाद्या पहाटे जोडातून निसटतो. तोवर टाकी रिकामी झालेली असते. त्यानंतर पाइपमधले पाणी काढून टाकावे. उन्हात पडलेल्या पाइपातले पाणी एप्रिल-मेमध्ये रोपे पोळण्याइतके तापते, आणि कोमट साचलेल्या पाण्यात जंतूही वाढतात. त्यामुळे पहिले पाणी नेहमी बाजूला सोडावे आणि बागेच्या पाइपला तोंड लावून पाणी पिऊ नये, मुलांनाही पिऊ देऊ नये.

पाइप खिळ्यावर टांगला की खिळ्याच्या जागी कायमची मोड पडते. रुंद गोल आधार हवा. गाडीची जुनी रिम भिंतीवर ठोकली की हे काम फुकटात होते. सावलीची जागा मात्र हवीच.

गळती बहुतेक वेळा जोडापाशी असते आणि तिचे कारण वायसर हेच असते. रबरी वायसर वर्षाकाठी बदलावा. पाइप मध्येच फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे चार दिवसांचा उपाय आहे. फुटलेला तुकडा सरळ कापून काढावा, दोन्ही टोके गरम पाण्यात बुडवून मऊ करावीत, मध्ये जोडणी घालावी आणि दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलची क्लिप आवळावी. साध्या लोखंडी क्लिपा एका पावसाळ्यात गंजतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने नोझलच्या भोकांत क्षार बसतात; तोंड अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले की ती मोकळी होतात. पिनने भोके उकरू नयेत, ती मोठी होऊन फवारा वाकडा पडतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चार महिने पाइपला फारसे काम नसते. तो धुऊन, पूर्ण निथळून, टोके खाली ठेवून आत घ्यावा. पाणी राहिलेल्या वेटोळ्याच्या उघड्या तोंडाशी डासांची पैदास होऊ शकते आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पडलेला पाइप घुशी कुरतडतात.

तडकून टाकाऊ झालेला पाइप पाल्याबरोबर कधीही पेटवू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घशाला आणि फुप्फुसांना जाळणारा वायू सुटतो. त्याचे वीतभर तुकडे कापून ठेवावेत. नव्या झाडाला काठीचा आधार देताना तार या तुकड्यातून ओवली की ती सालीत रुतत नाही. उरलेला पाइप सुक्या कचऱ्यात द्यावा.