बँडवाल्यांचे झाड

बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वरात उभी राहते. अमेरिकेत मात्र कॉलेजचा बँड म्हणजे फुटबॉलच्या सामन्याचा अर्धा प्राण. (फुटबॉल त्यांचा, चेंडू हातांत घेऊन पळण्याचा!) मध्यंतरात गणवेशातली मुले-मुली वाजवीत वाजवीत, पाऊल न चुकता, मैदानावर अक्षरे आणि आकृत्या रेखाटतात. शिस्त पाहावी ती तिथे.

बेशिस्त पाहायची, तर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बँड पाहावा. १९६३ साली संचालक बदलले आणि नव्या संचालकांनी, आर्थर बार्न्स यांनी, कारभार बराचसा मुलांच्या हाती सोपविला. तेव्हापासून या मंडळींनी संचलनालाच रजा दिली. एक आकृती संपली की वाट फुटेल तिकडे पळत सुटायचे आणि दुसऱ्या आकृतीत हजर व्हायचे!

संघ म्हटला की शुभंकर आलेच. १९३० पासून स्टॅनफर्डचे शुभंकर होते 'इंडियन'. म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाच्या गैरसमजातून ज्यांना हे नाव चिकटले, ते अमेरिकेचे मूळ रहिवासी. मोठ्या नाकाचे त्याचे व्यंगचित्र सर्वत्र झळके. १९५१ पासून टिम विल्यम्स हे युरोक जमातीतलेच गृहस्थ पिसांचा शिरपेच घालून सामन्यांत नाचत. प्रेक्षक खूष होते. कोणाचे काय बिघडले?

बिघडले होते ते पुढे कळले, कारण आता त्या जमातींची मुले स्वतः विद्यापीठात शिकायला आली होती. आपल्या बापजाद्यांचे चित्र टोपीवर पाहत त्यांनी वर्गात बसायचे. आपल्यापैकीच एकजण नाचतो म्हणून त्यांचे समाधान होईना. आमचे पवित्र नृत्य करमणुकीसाठी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ साली पंचावन्न विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनी अर्ज दिला आणि विद्यापीठाने चिन्ह काढून टाकले. माजी विद्यार्थी पुष्कळ रागावले. परंपरा मोडली म्हणाले! चाळीस-बेचाळीस वर्षांची परंपरा, आणि ज्यांच्या नावावर ती चालली ते लोक तिथे हजारो वर्षांचे.

मग नवे काय? मुलांनी कौल दिला 'लुटारू उमराव' या नावाला! संस्थापक लेलंड स्टॅनफर्ड हे रेल्वेचे धनाढ्य मालक, त्यांना हा टोमणा. अधिकाऱ्यांनी अर्थातच मानले नाही. १९८१ साली अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी जाहीर केले की संघांची ओळख एक रंग, 'कार्डिनल' तांबडा. रंगाला टाळ्या कशा वाजवायच्या?

तो प्रश्न बँडने आधीच सोडविला होता. १९७५ साली मध्यंतरात त्यांनी थट्टेने काही उमेदवार मैदानावर आणले: वाफाळणारे मॅनहोल, बटाट्याची तळलेली फोड आणि एक झाड. झाड लोकांना आवडले. पालो आल्टो गावाला ज्याच्यावरून नाव पडले, तो हजार वर्षांचा रेडवुड वृक्ष विद्यापीठाच्या मुद्रेवरही आहेच. झाडाचा पोषाख जो घालतो त्यानेच तो शिवायचा, असा रिवाज पडला. त्यामुळे दरवर्षी नवे झाड, नवा चेहरा.

हाच बँड १९८२ च्या नोव्हेंबरात, बर्कलीविरुद्धचा सामना जिंकला असे समजून, खेळ संपण्यापूर्वीच मैदानात घुसला. प्रतिस्पर्धी खेळाडू त्यांच्यामधून पळत गेला, शेवटी एका ट्रॉम्बोनवाल्यावर जाऊन आदळला, आणि स्टॅनफर्ड २५-२० असे हरले.

झाडाला विद्यापीठाने शुभंकर म्हणून अधिकृत मान्यता काही दिलेली नाही. मात्र त्यांच्या खेळांच्या बोधचिन्हात इंग्रजी 'एस' अक्षरावर एक हिरवे झाड उभे आहे.