ऊमायसीट

ऊमायसीट किंवा जलबुरशी हा बुरशीसारख्या दिसणाऱ्या, परंतु खऱ्या कवकांशी जवळचे नाते नसलेल्या सूक्ष्मजीवांचा गट आहे. त्यांची गणना प्रोटिस्टांमध्ये होते. तपकिरी शैवले व डायाटम हे त्यांचे जवळचे आप्त होत; खरी कवके मात्र उत्क्रांतीच्या दृष्टीने प्राण्यांच्या अधिक जवळची आहेत. गटाच्या ग्रीक नावाचा अर्थ 'अंडबुरशी' असा होतो. वर्गीकरण बदलले तरी नावातील बुरशी तशीच राहिली आहे.

कवकांपासूनचे वेगळेपण

दोहोंची शरीरे शाखायुक्त तंतूंची असतात आणि दोन्ही जीव विकरे बाहेर सोडून विरघळलेले अन्न शोषून घेतात. साम्य बहुतांशी येथेच संपते. कवकांच्या कोशिकाभित्तीत कायटिन हा महत्त्वाचा घटक असतो; ऊमायसीटांची भित्ती मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोज यांची असते. कवकतंतूंतील केंद्रके बहुधा एकगुणित असतात, तर ऊमायसीटांची द्विगुणित. ऊमायसीटांच्या तंतूंत आडपडदेही सहसा नसतात.

सर्वांत ठळक फरक चलबीजाणूंत दिसतो. ऊमायसीटांच्या चलबीजाणूस दोन कशाभिका असतात. त्यांपैकी एक केसाळ असून पुढे वळलेली असते व दुसरी गुळगुळीत असून मागे वळलेली असते. या बीजाणूंना पोहण्यासाठी पाण्याचा पातळ थर पुरतो. पावसाळी हवेत व दव पडल्यावर हे रोग झपाट्याने पसरतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच. लैंगिक प्रजननातून जाड भित्तीचे अंडबीजाणू तयार होतात आणि प्रतिकूल काळात ते जमिनीत टिकून राहतात.

वनस्पतिरोग

बटाट्यावरील उशिरा येणारा करपा फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स या जातीमुळे होतो. इ.स. १८४५ मध्ये तो आयर्लंडमध्ये पसरला. तेथील गरीब शेतकरी कुटुंबे जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत होती. पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे १० लाख लोक मरण पावले आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. रोगट झाडांवरील बुरशी हा दमट हवेने कुजलेल्या पानांचा परिणाम आहे, असे तेव्हाचे अनेक विद्वान मानीत. बुरशी हेच कारण आहे, असे माइल्स बर्कली यांनी १८४६ मध्ये प्रतिपादले. आंतोन द बारी यांनी १८६१ मध्ये ते प्रयोगाने दाखविले आणि १८७६ मध्ये या प्रजातीला 'वनस्पतिनाशक' या अर्थाचे फायटॉफ्थोरा हे नाव दिले.

कोकण व गोव्यातील सुपारीवरील कोळेरोग आणि विदर्भातील संत्र्यावरील डिंक्या हे रोगही याच प्रजातीतील जातींमुळे होतात. आल्याची कंदकूज बहुधा पिथियममुळे होते.

नियंत्रण

नाशिकच्या द्राक्षबागांत केवडा व भुरी हे दोन्ही रोग आढळतात. केवडा ऊमायसीटामुळे होतो. त्यात पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर तेलकट डाग व त्याखाली पांढरी वाढ दिसते. भुरी हे खरे कवक असून तिची वाढ राखेसारखी असते आणि तिला पान ओले असण्याची गरज नसते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. ट्रायझोल गटातील बुरशीनाशके कवकांतील अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. केवड्याचा जीव व फायटॉफ्थोरा स्वतः स्टेरॉल बनवीतच नाहीत. त्यामुळे भुरीवर उपयुक्त असलेली ही औषधे केवड्यावर वाया जातात. याउलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर प्रभावी असले, तरी भुरीवर चालत नाही.

मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण मात्र अनेक प्रकारच्या रोगांवर चालते. फ्रान्समधील बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असे मिश्रण शिंपडले जाई. त्या वेलींवर केवडा कमी असल्याचे प्येर मिलार्दे यांच्या लक्षात आले व त्यांनी १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. तांबे रोगजंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून त्याला प्रतिकार सहसा निर्माण होत नाही. मेटॅलॅक्झिलचा रोख एकाच विकरावर असतो. ते वापरात आल्यानंतर अल्पावधीतच, १९८० मध्ये, आयर्लंड व नेदरलँड्समध्ये त्याला न जुमानणारे करप्याचे वाण आढळले. म्हणून ते आता मँकोझेबसारख्या संपर्कजन्य औषधासह मिसळून वापरले जाते.