नोकरी सुटली, ऑफिस घरात आलं: नवरा-बायकोने आधी ठरवायच्या 4 गोष्टी



आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी मंडळी कामासाठी सुरतला असतात. त्यातले काही जण आता नोकरी सोडून गावी येऊन घरूनच काम करायचं म्हणतात. विचार चांगला आहे. पण नोकरी एकाची बदलते आणि दिनक्रम दोघांचा बदलतो, हे लक्षात ठेवा. धंदा चालतो की नाही हे कळायच्या आधीच घरात कुरबुर सुरू होते. कारण पैसे, वेळ आणि जागा यांबद्दल आधी काही ठरलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊन समजून घेऊ. समजा, शहाद्याचं एक जोडपं आहे. नवरा सुरतच्या कापड मार्केटमध्ये अकाउंटचं काम करायचा. आता तो घरी बसून दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करणार आहे. बायको खासगी दवाखान्यात नर्स आहे, पगार 18,000 रुपये. दोघांची बचत 2,50,000 रुपये. या दोघांनी काय ठरवायला हवं?

1. भांडवल नाही, आधी तूट मोजा

नवऱ्याला वाटतं, आपल्याकडे अडीच लाख भांडवल आहे. खरंच आहे का? घरखर्च महिन्याला 24,000 आणि पगार 18,000. म्हणजे दरमहा 6,000 ची तूट. धंदा उभा राहायला 18 महिने धरले, तर 6,000 गुणिले 18 म्हणजे 1,08,000 रुपये घरासाठी बाजूला. दवाखाना, अडीअडचण यासाठी 50,000 बाजूला. उरले 92,000. हेच खरं भांडवल! कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर, सॉफ्टवेअर सगळं यातच बसवायचं. हा हिशेब केला नाही, तर बाजूला ठेवायचे पैसे कधी धंद्यात गेले ते कळतही नाही.

2. मुदत आणि रक्कम ठरवा

इथे पुण्याची एक खरी गोष्ट सांगतो. 1981 साली नारायण मूर्ती यांनी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधली नोकरी सोडली आणि सहा सहकाऱ्यांबरोबर पुण्यात इन्फोसिस सुरू केली. सुधा मूर्ती यांनी आपल्या साठवलेल्या पैशांतून 10,000 रुपये दिले. त्यांच्याकडे 10,250 होते. 250 रुपये त्यांनी अडीनडीला मागे ठेवले, हे त्यांनीच अनेकदा सांगितलंय. तीन वर्षं घर मी सांभाळते, तुम्ही कंपनी उभी करा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी वालचंद समूहात नोकरी धरली. पुण्यातलं त्यांचं घरच सुरुवातीला कंपनीचं ऑफिस होतं.

कंपनी पुढे किती मोठी झाली ते आपल्याला माहीतच आहे. आपण मात्र त्यांचा करार बघू. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, थोडे पैसे मागे ठेवलेले आणि एकाचा पगार चालू. तुमचा आकडा लहान असेल, पण या चार गोष्टी तुम्हालाही जमतील. आपल्या शहाद्याच्या जोडप्याने कागदावर लिहायचं: "92,000 रुपये आणि 18 महिने. त्यानंतर दोघं मिळून हिशेब बघू. महिन्याला निदान 6,000 घरात येत नसतील, तर नोकरी शोधायची." हे आधीच लिहिलेलं असलं की नंतर कुणाला कमीपणा वाटत नाही.

3. घर आणि काम यांच्यात रेघ मारा

पुरुष घरी दिसला की गल्लीत विचारतात, "काय भाऊ, घरीच का हल्ली?" बाई घरून काम करत असली तर, "घरीच आहेस ना, मग तेवढं दळण घेऊन ये." दोघांचंही काम कुणाला काम वाटत नाही. म्हणून वेळ जाहीर करा. सकाळी 10 ते 2 आणि 4 ते 7, अशी पाटी दाराला लावा. वेगळी खोली नसेल तर एक टेबल आणि एक कपाट फक्त कामाचं ठेवा. सासूबाई, मुलं, शेजारी, सगळ्यांना एकदा नीट सांगा.

लिज्जत पापड बघा. 1959 मध्ये मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे पीठ केंद्रावरून न्यायचं, पापड घरी लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून द्यायचे. काम घरातच, पण नेण्याची, देण्याची आणि मोबदल्याची शिस्त ठरलेली. म्हणून त्याला कुणी "फावल्या वेळातलं" म्हणत नाही.

कामाचा महिनाही घरात माहीत असू द्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-1 साधारण 11 तारखेपर्यंत आणि 3बी 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे 5 ते 20 तारीख नवऱ्याची धावपळीची. पाहुणे, लग्नाची खरेदी, बायकोच्या जादा ड्युट्या कॅलेंडरवर त्याप्रमाणे बसवा. तुम्ही मिरची पावडरचं काम करत असाल तर तुमची घाई वेगळी. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळायला पडते, तेव्हा घरच्यांनी तुमच्याकडून जादा अपेक्षा ठेवू नये.

4. जोडीदाराची मेहनत फुकट धरू नका

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. बायको ड्युटीवरून येऊन रात्री बिलांच्या एंट्र्या करते. महिन्याला 40 तास झाले, तासाला 60 रुपये धरले तरी 2,400 रुपये होतात. ते वहीत खर्च म्हणून लिहा. देता आले तर द्या, नाहीतर बाकी दाखवा. नाहीतर तुमचा दर चुकतो. उद्या तिला वेळ मिळाला नाही आणि माणूस ठेवावा लागला, तर नफा कुठून आणणार? आणि ती घरी आल्यावर स्वयंपाक कोण करणार, हेही याच बैठकीत ठरवा. दिवसभर घरी असणाऱ्याने संध्याकाळचा कुकर लावला तर काही बिघडत नाही, भाऊ!

दोन कामं लगेच करा

धंद्याचं बँक खातं आणि क्यूआर कोड वेगळा ठेवा. घरखर्चासाठी त्यातून ठरलेल्या तारखेलाच पैसे काढा. दुसरं, उद्यम नोंदणी करा. ती सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि मोफत आहे. घरच्या पत्त्यावरही होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आज रात्री जेवण झाल्यावर एक कोरा कागद घेऊन दोघं बसा. महिन्याची तूट, लावायची रक्कम, मुदत आणि कामाची वेळ, एवढंच लिहा. खाली दोघांनी सही करा. मग दर रविवारी वीस मिनिटं तोच कागद समोर ठेवा आणि एकमेकांना विचारा: या आठवड्यात किती आले, किती गेले आणि कोण जास्त थकलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी ऐका.